बोर्ड मीटिंगच्या नोटिशीवर पाणी सोडता येतं का? डेलावेअरचा वेव्हर आणि आपला कंपनी कायदा

मसुदा_तिसरा

पुण्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांची रचना आता ठरून गेलेली आहे: वर अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातली होल्डिंग (मालक) कंपनी, खाली तिची सब्सिडियरी, म्हणजे उपकंपनी, असलेली इथली प्रायव्हेट लिमिटेड. फंडिंगचा राउंड बंद व्हायच्या आठवड्यात अमेरिकेतल्या वकिलांकडून सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा येतो. त्यात 'वेव्हर ऑफ नोटीस' नावाचं एक पान असतं. मजकूर तीन ओळींचा: खाली सही करणारा संचालक अमुक तारखेच्या सभेची नोटीस मिळण्याचा आपला हक्क सोडत आहे. वरचं कंपनीचं नाव बदलून तेच पान इथल्या सब्सिडियरीसाठीही पाठवलेलं असतं आणि इथले संचालक डोळे झाकून सही करतात.

चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. इथल्या बोर्डावर चार संचालक, त्यातला एक अमेरिकेत. स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी किंवा प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेला बाहेरचा संचालक, एकही नाही. सभा परवा घ्यायची आहे. अजेंड्यावर शेअर्सचं अलॉटमेंट (वाटप) आणि बँकेकडून कर्ज. चौघांनी वेव्हरवर सही केली, तर सात दिवसांची नोटीस टळते का? टळत नसेल, तर परवाची सभा नियमात कशी बसवायची?

---

सभावृत्त

टळत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालकाने नोटिशीचा हक्क सोडण्याची तरतूदच नाही. कलम १७३(३) म्हणतं की प्रत्येक संचालकाला, कंपनीकडे नोंदलेल्या पत्त्यावर, किमान सात दिवसांची लेखी नोटीस द्यायची. हातोहात, पोस्टाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने. त्याच पोटकलमाच्या परंतुकात, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेल्या अपवादात, एकच सवलत आहे: तातडीच्या कामासाठी कमी मुदतीच्या नोटिशीवर सभा बोलावता येते, पण स्वतंत्र संचालक असतील तर त्यातला किमान एक हजर हवा. तो हजर नसेल तर सभेचे निर्णय सगळ्या संचालकांना पाठवायचे आणि किमान एका स्वतंत्र संचालकाने अनुमोदन दिल्यावरच ते अंतिम होतात.

म्हणजे मुदत कमी करता येते, नोटीस शून्य करता येत नाही. परवाच्या सभेलाही नोटीस लागतेच, ती चौघांनाही जावी लागते आणि काम तातडीचं आहे हे दिसावं लागतं. वेव्हरच्या पानात यातलं काहीच नसतं.

आता तुमच्या उदाहरणातली मेख. स्वतंत्र संचालकच नसेल तर परंतुकातली अट लागू होत नाही, म्हणून रान मोकळं आहे असं अनेकांना वाटतं. बोर्डाच्या सभा कशा घ्यायच्या याचं प्रमाण नियमपत्र, सेक्रेटेरियल स्टँडर्ड एक, म्हणजे एसएस-१, इथे आडवं येतं. त्यात असं आहे की कंपनीत स्वतंत्र संचालक नसेल, तर कमी मुदतीच्या सभेतले निर्णय कंपनीच्या एकूण संचालकांच्या बहुमताने अनुमोदित झाल्यावरच अंतिम होतात. सभेतच एकूण संचालकांच्या बहुमताने मंजूर झाले असतील तर वेगळं अनुमोदन नको.

चार संचालकांचं गणित मांडून पाहा. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) कलम १७४ प्रमाणे एकतृतीयांश किंवा दोन, यातली मोठी संख्या, म्हणजे दोन. परवा दोघे आले, दोघांनी होकार दिला. सभा वैध, ठराव संमत. पण चारांचं बहुमत म्हणजे तीन. तिसऱ्याचं लेखी अनुमोदन येईपर्यंत ते निर्णय अंतिम नाहीत. इथेच गफलत होते: दोघांच्या सभेवर अलॉटमेंट झालं असं धरून दुसऱ्या दिवशी पीएएस-३ (अलॉटमेंट कळवण्याचा फॉर्म) भरला जातो, बँकेला ठरावाची प्रमाणित प्रत जाते आणि तिसऱ्याचं अनुमोदन राहून जातं. अनुमोदन हातात येईपर्यंत एकही फॉर्म भरू नये आणि एकही प्रत बाहेर देऊ नये.

एसएस-१ पाळणं ऐच्छिक नाही. कलम ११८(१०) खाली ते बंधनकारक आहे. एकच संचालक असलेली वन पर्सन कंपनी आणि कलम ८ ची कंपनी यांना ते लागत नाही, एवढंच.

---

हडसनपार

डेलावेअरची बाजू मी मांडतो, म्हणजे ते पान तिकडे का चालतं हे कळेल.

डेलावेअरच्या कॉर्पोरेशन कायद्याचं कलम २२९. ज्याला नोटीस मिळायला हवी त्याने सही केलेला लेखी वेव्हर, किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेला वेव्हर, नोटीस दिल्याच्या बरोबरीचा धरला जातो. तो सभेच्या आधी दिला तरी चालतो आणि नंतर दिला तरी चालतो. सभेचा उद्देश किंवा विषय वेव्हरमध्ये लिहायची गरज नाही, सर्टिफिकेट ऑफ इनकॉर्पोरेशन (कंपनीचं स्थापनापत्र) किंवा बायलॉजनी (कंपनीच्या अंतर्गत नियमांनी) तसं मागितलं नसेल तर.

शिवाय सभेला हजर राहणं हाच वेव्हर. अपवाद एकच: सभा कायदेशीर रीतीने बोलावलेली नाही असा आक्षेप सुरुवातीलाच नोंदवायला, फक्त तेवढ्याचसाठी, जो आला आहे त्याची हजेरी वेव्हर ठरत नाही. त्यामुळे ज्याला हरकत घ्यायची आहे त्याने पहिल्या विषयाआधी बोलायचं, इतिवृत्तात नोंद करून घ्यायची आणि पुढे मतदानात पडायचं नाही. अर्धा तास चर्चा करून मग 'मला नोटीस नव्हती' म्हटलं तर उशीर झालेला असतो.

मुदत किती, हे तिथला कायदा सांगत नाही. बायलॉजमध्ये लिहिलेलं असतं. नियमित सभा आणि विशेष सभा हा फरक मात्र मोठा आहे. ठरलेल्या वेळापत्रकातल्या नियमित सभेला वेगळी नोटीस लागत नाही. विशेष सभेला बायलॉजप्रमाणे नोटीस लागते, आणि ती सगळ्यांना दिली नाही तर तिथले निर्णय शून्यवत, हे १९७२ च्या श्रोडर विरुद्ध स्कॉटन डिलन खटल्यापासून चालत आलेलं आहे. २०१४ च्या क्लासन विरुद्ध अलेग्रो डेव्हलपमेंट खटल्यात सीईओला नियमित सभेत, त्याला आधी न सांगता, पदावरून काढलं होतं. डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नियमित सभेत कोणता विषय येणार हे आधी सांगणं बंधनकारक नाही. आणि फसवणुकीचा आरोप धरला तरी निर्णय आपोआप शून्य होत नाही, तो रद्द करून मागता येतो, तोही वेळेत. सीईओ पुढे त्या निर्णयाला धरून वागला, म्हणून त्याची मागणी टिकली नाही.

म्हणून अमेरिकन वकील प्रत्येक विशेष सभेला वेव्हर जोडतात. त्यांच्या कायद्यात ते एक पान शून्यवत ठरण्याचा धोका संपवतं. इथे ते पान तो धोका संपवत नाही.

---

पाचवी_खिडकी

नियमित सभांच्या मुद्द्यावरून: आपल्याकडेही काही बोर्डं जानेवारीतच वर्षभराच्या सभांचं कॅलेंडर मंजूर करतात. मग प्रत्येक सभेला वेगळी नोटीस हवी का?

---

सभावृत्त

हवी. सभा ठरलेल्या तारखांना किंवा ठरलेल्या अंतराने होत असल्या तरी नोटीस द्यायची, असं एसएस-१ स्पष्ट सांगतं. कॅलेंडर ही सोय आहे, नोटीस नव्हे. तहकूब सभेचंही तसंच: पुढची तारीख त्याच सभेत ठरली नसेल तर सात दिवसांची नोटीस सगळ्या संचालकांना, मूळ सभेला न आलेल्यांनाही.

---

क्षितिजा_सीएस

दिवस मोजण्यात होणारी चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून उदाहरणच देते. नोटीस ईमेलने सोमवारी ३ तारखेला गेली. पाठवल्याचा दिवस सोडा, सभेचा दिवस सोडा, मधले सात दिवस पूर्ण धरा: ४, ५, ६, ७, ८, ९, १०. सभा लवकरात लवकर मंगळवारी ११ तारखेला. नोटीस स्पीड पोस्टने किंवा रजिस्टर्ड पोस्टने गेली असेल तर एसएस-१ प्रमाणे आणखी दोन दिवस धरायचे, म्हणजे गुरुवार १३. '३ ला पाठवली, १० ला सभा' हे अगदी सर्रास होतं. त्या सभेच्या नोटिशीत कमी मुदतीचा उल्लेख नसतो, इतिवृत्तातही नसतो.

कमी मुदतीच्या नोटिशीत काय काय हवं:

अनुक्रमांक, वार, तारीख, वेळ, ठिकाणाचा पूर्ण पत्ता. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची सोय असेल तर तिचा उल्लेख आणि लिंक. सभा कमी मुदतीच्या नोटिशीवर होत आहे हे नोटिशीतच लिहिलेलं हवं. हे एसएस-१ मागतं आणि हेच बहुतेक नोटिशींतून गळतं. तातडीचं कारण एका वाक्यात. 'महत्त्वाचे विषय असल्यामुळे' हे कारण होत नाही. 'अमुक बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत अमुक तारखेला संपत असल्यामुळे' हे होतं. अजेंडा आणि प्रत्येक विषयाची टिपणं सोबतच. नोटीस सीएसने, म्हणजे कंपनी सेक्रेटरीने, काढायची. सीएस नसेल तर एखाद्या संचालकाने किंवा बोर्डाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने.

पाठवल्याचा आणि पोचल्याचा पुरावा किमान तीन वर्षं जपायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'परवा चार वाजता बोर्ड' एवढा मेसेज टाकून निभावू नका. कोणत्या पत्त्यावर पाठवलं, सोबत काय जोडलं होतं, हे त्यातून नंतर सिद्ध करणं फार जड जातं. संचालकाने कंपनीकडे नोंदवलेल्या ईमेलवर, पीडीएफ जोडून, आणि पाठवलेल्या मेलची प्रत हेडरसकट जपून.

---

मसुदा_तिसरा

अमेरिकेतल्या संचालकाचं काय? तो भारतात नाही म्हणून नोटीस नको, असं एका जुन्या फाइलवर लिहिलेलं होतं.

---

सभावृत्त

ते १९५६ च्या कायद्याचं आहे. जुन्या कलम २८६ मध्ये त्या वेळी भारतात असलेल्या प्रत्येक संचालकाला नोटीस, आणि बाकीच्यांना त्यांच्या भारतातल्या नेहमीच्या पत्त्यावर, अशी रचना होती. आताच्या कलम १७३(३) मध्ये 'प्रत्येक संचालक' एवढंच आहे. तो डेट्रॉइटला असो की दापोलीला, नोटीस जायलाच हवी.

तो व्हिडिओवरून बसू शकतो आणि गणपूर्तीत धरला जातो. बोर्डाच्या सभांबाबतच्या २०१४ च्या नियमांतला नियम ३ इथे फार उपयोगी पडतो. सुरुवातीला अध्यक्ष हजेरी घेतो तेव्हा व्हिडिओवरच्या प्रत्येकाने चार गोष्टी बोलून सांगायच्या असतात: आपलं नाव, आपण कुठून बोलतो आहोत, अजेंडा आणि संबंधित कागद मिळाले आहेत, आणि आपल्याशिवाय दुसरं कोणी ही सभा ऐकत वा बघत नाही. तिसरं वाक्य लक्षात घ्या. अजेंडा आणि कागद मिळाल्याची ती संचालकाच्या तोंडची, रेकॉर्ड झालेली कबुली असते. कोणत्याही वेव्हरच्या पानापेक्षा ती जास्त कामाची. हजेरी घाईत उरकून हे वाक्य गाळलं जातं, ते गाळू नका.

---

नोंदवही

'शॉर्टर नोटीस कन्सेंट' नावाचं पत्र सगळ्या संचालकांकडून घेण्याची पद्धत बऱ्याच ऑफिसांत आहे. ते कुठून आलं?

---

क्षितिजा_सीएस

सर्वसाधारण सभेच्या फाइलमधून. कलम १०१ खाली भागधारकांच्या सभेला २१ पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि ९५ टक्क्यांची संमती असेल तर ती कमी करता येते. तिथे संमतीपत्र हाच कायद्याने सांगितलेला मार्ग आहे. तेच टेम्पलेट 'सभासद' खोडून 'संचालक' लिहून बोर्डाला वापरलं जातं. बोर्डाच्या सभेत कायदा संमती विचारत नाही. तो विचारतो तातडी, हजेरी आणि अनुमोदन. सगळ्यांची संमतीपत्रं घेतली पण स्वतंत्र संचालक हजर नव्हता आणि त्याने नंतर अनुमोदनही दिलं नाही, तर त्या पत्रांचा उपयोग नाही.

मात्र ते पत्र फाडून टाका असं मी म्हणणार नाही. नोटीस मिळाली याचा तो पुरावा आहे, म्हणून फाइलला राहू द्या.

---

कोरम_पूर्ण

त्या पत्राची खरी जागा आणखी एका ठिकाणी आहे. गुंतवणूकदार आल्यावर शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटमध्ये (भागधारकांच्या करारात) आणि त्यावरून आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) नोटिशीची मुदत वाढवलेली असते, 'गुंतवणूकदाराच्या संचालकासह सर्वांच्या लेखी संमतीशिवाय कमी मुदतीची सभा नाही' असं कलम असतं, आणि त्या संचालकाशिवाय गणपूर्ती होत नाही अशी अट असते. एसएस-१ सुद्धा म्हणतं की आर्टिकल्समध्ये जास्त मुदत असेल तर ती पाळायची.

अशा कंपनीत संमतीपत्र किंवा वेव्हर हवाच. तो करारातला हक्क सोडण्यासाठी, कायद्यातला नव्हे. म्हणून मसुद्यात 'आर्टिकल्सच्या कलम अमुक आणि कराराच्या कलम अमुक खालील मुदतीपुरती संमती' असं नेमकं लिहा. 'सर्व नोटीसविषयक हक्क सोडत आहे' असं सरसकट लिहू नका. त्यातला अर्धा भाग निरर्थक आणि उरलेल्या अर्ध्यावर नंतर वाद.

कोणाची सही, हेही बघा. करारातला हक्क गुंतवणूकदाराचा असेल तर गुंतवणूकदार फंडाची सही लागते. त्यांनी नेमलेल्या (नॉमिनी) संचालकाची एकट्याची पुरत नाही.

---

पाचवी_खिडकी

आणि एखाद्याला नोटीस गेलीच नसेल तर? सभा होऊन गेली, ठराव झाले.

---

सभावृत्त

सुप्रीम कोर्टाचा परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार हा १९७३ चा निकाल आधी वाचा. एका विमा कंपनीच्या बोर्डाने डिसेंबर १९५३ मध्ये जनरल मॅनेजरला काढण्याचा ठराव केला होता, आणि एका संचालकाला त्या सभेची नोटीस नव्हती. कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक संचालकाला नोटीस देणं बोर्डाच्या ठरावाच्या वैधतेसाठी आवश्यक आहे. ती नव्हती, म्हणून पहिला ठराव अवैध. पण पुढच्या, रीतसर बोलावलेल्या सभेत बोर्डाने ती कृती कायम केली होती, आणि ते अनुमोदन मूळ कृतीच्या तारखेपर्यंत मागे पोचतं. जनरल मॅनेजर खटला हरला.

म्हणून दुरुस्तीचा मार्ग असा: सर्व संचालकांना पूर्ण सात दिवसांची नवी नोटीस. अजेंड्यावर स्पष्ट विषय, 'अमुक तारखेच्या सभेतील अमुक ठरावांचे अनुमोदन'. नुसतं 'मागील इतिवृत्त वाचून कायम करणे' पुरत नाही. सभेत जुन्या नोटिशीतला दोष बोलून दाखवायचा, प्रत्येक ठराव वेगळा मांडायचा, त्यावर केलेली कृती कायम करायची. ज्याला नोटीस नव्हती तो आला आणि विरोधात मत दिलं तरी हरकत नाही. त्याला बोलायची संधी मिळाली, हे महत्त्वाचं.

न चालणारा मार्गही सांगतो, कारण तोच सर्वाधिक सुचवला जातो: मागची तारीख टाकून नोटीस तयार करणं. ती खोटी नोंद आहे. ईमेलच्या सर्व्हरवर आणि डिजिटल सहीत खरी तारीख असतेच. आज हा दोष कलम १७३(४) खाली, नोटीस देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला २५,००० रुपयांच्या दंडापुरता आहे. मागची तारीख टाकली की प्रकरण फसवणुकीचं होतं.

---

कोरम_पूर्ण

कौटुंबिक कंपन्यांत याचं गांभीर्य जास्त. भावाला नोटीस न देता शेअर्स वाटले आणि त्याचा हिस्सा घसरला, तर तो कलम २४१ खाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जातो. तिथे पहिला मागितला जाणारा कागद म्हणजे नोटीस पोचल्याचा पुरावा. दुसरीकडे कलम १६७(१)(ब): बारा महिने एकाही सभेला न आलेला संचालक पद गमावतो, रजा मागितली असली तरी. नोटीसच न पाठवता एखाद्याला 'गैरहजर' ठरवून बाहेर काढायचे प्रयत्न होतात. त्या संचालकाने सही केलेला 'यापुढच्या सर्व सभांच्या नोटिशीचा हक्क सोडला' असा कागद फाइलमध्ये असेल तर त्याचं किती नुकसान होईल, विचार करा. पुढच्या सभांसाठी सरसकट वेव्हरवर कोणीही, कधीही सही करू नये.

---

नोंदवही

सभा टाळून सर्क्युलर रेझोल्यूशन (कागद फिरवून केलेला ठराव) केलं तर नोटिशीचा प्रश्नच मिटेल ना?

---

क्षितिजा_सीएस

काही विषयांसाठी हो. कलम १७५: ठरावाचा मसुदा आवश्यक कागदांसह सर्व संचालकांना पाठवायचा, मतदानाचा हक्क असलेल्यांच्या बहुमताने तो संमत होतो. डेलावेअरप्रमाणे सगळ्यांची एकमुखी सही लागत नाही. एकूण संचालकांपैकी एकतृतीयांश किंवा जास्त जणांनी सभा मागितली तर तो विषय सभेतच न्यावा लागतो. पुढच्या सभेत नोंद घ्यायची.

पण मूळ उदाहरणातले दोन्ही विषय इथे बसत नाहीत. शेअर्स इश्यू करणं आणि कर्ज घेणं ही दोन्ही कलम १७९(३) मधली कामं, ती बोर्डाच्या सभेतच करायची. अमेरिकेतून 'युनॅनिमस रिटन कन्सेंट'चा (सभेऐवजी सगळ्यांच्या लेखी संमतीचा) मसुदा येतो, त्यात अलॉटमेंट घातलेलं असतं आणि इथे सह्या होतात. ते अलॉटमेंट मग आव्हानाला उघडं पडतं.

---

पाचवी_खिडकी

लिस्टेड कंपन्यांबद्दल एकच भर: कमी मुदतीची सभा घेतली तरी सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या विनियम २९ खालची स्टॉक एक्स्चेंजला द्यायची पूर्वसूचना त्याने कमी होत नाही. दोन्ही घड्याळं वेगळी मोजा. आणि भावसंवेदनशील, अप्रकाशित माहितीची टिपणं कमी मुदतीत देण्यासाठी एसएस-१ मध्ये वेगळी संमती आहे: बहुसंख्य संचालकांची, आणि कंपनीत स्वतंत्र संचालक असतील तर त्यांत त्यातल्या किमान एकाचीही. ती फक्त टिपणांपुरती. नोटीस आणि अजेंड्याची मुदत तशीच राहते.

---

मसुदा_तिसरा

सर्वांचे आभार. आता शेवटचं: अमेरिकन वकिलांना त्या पानाऐवजी काय पाठवायचं? त्यांच्या क्लोजिंगच्या यादीत तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

---

हडसनपार

त्यांना सब्सिडियरीच्या रकान्यात तीन गोष्टी द्या: कमी मुदतीच्या नोटिशीची प्रत, ती चौघांना पोचल्याचा पुरावा, आणि इतिवृत्ताचा प्रमाणित उतारा. सोबत दोन ओळींची टीप: भारतीय कायद्यात वेव्हर नोटिशीच्या बरोबरीचा धरला जात नाही, म्हणून कलम १७३(३) प्रमाणे सभा घेतली आहे. होल्डिंग कंपनीसाठी मात्र त्यांचं पान तसंच सही करून द्या. तिथे ते हवंच.

---

सभावृत्त

उताऱ्यातला मजकूर साधारण असा ठेवा, इंग्रजीत करताना आशय हाच:

'अमुक मंजुरीपत्राची मुदत अमुक तारखेला संपत असल्याने ही सभा तातडीच्या कामासाठी कमी मुदतीच्या नोटिशीवर बोलावण्यात आली. अमुक तारखेची नोटीस, अजेंडा व टिपणे चारही संचालकांना त्यांच्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवली होती. कंपनीत स्वतंत्र संचालक नाही. चारपैकी तीन संचालक उपस्थित होते व तिघांनीही ठरावाच्या बाजूने मत दिले. त्यामुळे निर्णय कंपनीच्या एकूण संचालकांच्या बहुमताने सभेतच मंजूर झाला.'

तिघे बसले तर एवढंच. दोघेच बसले तर शेवटच्या वाक्याऐवजी 'निर्णय सर्व संचालकांना अमुक तारखेला पाठवले, अमुक तारखेला तिसऱ्या संचालकाचे लेखी अनुमोदन आले, त्या तारखेपासून निर्णय अंतिम' असं येईल. ही नोंद अनुमोदन आल्यावर करायची, आधी नाही. इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत सगळ्यांना, नोंदवहीत नोंद ३० दिवसांत. अलॉटमेंट परदेशी गुंतवणूकदाराला असेल तर एफसी-जीपीआरचे (परदेशी गुंतवणूक रिझर्व्ह बँकेला कळवण्याच्या फॉर्मचे) ३० दिवस अलॉटमेंटपासून सुरू होतात, तेव्हा कोणती तारीख धरायची हे फॉर्म भरायला घेण्याआधीच लेखी ठरवून ठेवा. परवाच्या सभेला तिसऱ्याला व्हिडिओवर अर्धा तास बसवलंत तर हा प्रश्नच उरत नाही.